इंत्रुज आणि शिंगाड्याचं पीठ

नमस्कार श्रोतेहो. येत्या शनिवारी गोव्याचा कार्निव्हल, म्हणजे आपलं इंत्रुज, सुरू होणार. पणजीत त्याचा राजा किंग मोमो येणार आणि फर्मान सोडणार, ‘खा, पिये आनी मजा कर!’ चार दिवस चंगळ. बुधवारपासून कोरेज्म, म्हणजे ईस्टरपर्यंतचा उपासाचा काळ. मांस, अंडी त्याआधीच संपवायची. पणजीतली ही चित्ररथांची मिरवणूक १९६५ सालची, गोवामुक्तीनंतरची. गावातल्या वाड्यावरचं इंत्रुज मात्र फार जुनं. आणि हल्ली चित्ररथ कमी, जाहिरातीच जास्त, हे मी दरवर्षी बोलते, यंदाही बोलले.

एक गोष्ट लक्षात ठेवा: बहुतेक वर्षी महाशिवरात्र आणि कार्निव्हल जवळजवळ येतात. जवळजवळ, बरं का.

आमच्या लहानपणी रविवारी वाड्यावर रस्त्यातच टेबलं लागायची. शेजारच्या आंटीचं सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, आदल्या गुरुवारीच शिजलेलं असे. माडाच्या सुरेचं व्हिनेगर, रोज एक उकळी. केलं त्याच दिवशी वाढलेल्या सोरपोतेलाला मी तरी सोरपोतेल म्हणत नाही.

त्या वर्षी आंटीच्या मुलीला बघायला मडगावहून पाहुणे येणार होते. कोरेज्मात लग्नं लागत नाहीत, म्हणून बोलणी आत्ताच उरकायची घाई. गोडाला आले-बेले, म्हणजे मैदा-अंड्याचे, आत गोड सारण भरलेले पातळ पोळे, ठरलेले. इकडे पोरांच्या पिठाच्या पुड्या संपल्या. इंत्रुजात पीठ उधळायचंच! पोरांनी आंटीच्या स्वयंपाकघरातला मैद्याचा डबा रिकामा केला आणि गाडीतून उतरणाऱ्या पहिल्या माणसावर पुडी फोडली. तो नवरदेवाचा बाप. काळा सूट, पांढरा झालेला.

आंटी दारात आली. ‘देवा म्हज्या! म्हजे आले-बेले!’

दुकानं बंद. आंटी आमच्याकडे धावली. आईकडे काय असणार? शिवरात्र नुकतीच झालेली. शिंगाड्याचं पीठ! आंटीनं त्यात अंडी फोडली, आईनं तोंड फिरवलं, पण चून, म्हणजे गूळ-खोबरं, तिनंच परतून दिलं. आले-बेले तव्याला चिकटले, मोडले, काळपट दिसले. नवरदेवाच्या बापानं सूट झटकत चार खाल्ले आणि विहीणबाईंना विचारलं, ‘ह्यात काय घातलंय?’

‘उपास,’ आंटी म्हणाली.

लग्न ईस्टरनंतर लागलं. तर श्रोतेहो, शनिवारी पणजीला जरूर जा, पण एक दिवस दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या गावांसाठी राखा. तिथे अंगणात खेळ, म्हणजे कोकणी लोकनाट्यं, होतात, आणि जेवायला बोलावलं तर सोरपोतेल कधीचं आहे ते आधी विचारा.