हेडलाईट कमी पडतोय? आधी बल्बपर्यंत करंट पोचतोय का बघा

नमस्कार मंडळी! ठाण्याच्या घोडबंदर रोडने रात्री ये-जा करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मेट्रोच्या खांबांशेजारून सरकणारी कंटेनरची रांग, पावसाळ्यात दिसेनासे झालेले पांढरे पट्टे, आणि त्यात आपल्या गाडीचा मिणमिणता उजेड. मग आपण दुकानात जातो आणि सगळ्यात पांढराशुभ्र एलईडी बल्ब टाकून घेतो. तो बल्ब घेण्याआधी आजचा व्हिडिओ बघा, एवढीच माझी विनंती आहे.

तुमच्या गाडीत हॅलोजन, म्हणजे तार तापून उजेड देणारा पिवळसर बल्ब असेल, तर बहुतेक तो एच-४ असतो. अपरला, म्हणजे लांबच्या झोताला ६० वॅट, डिपरला, म्हणजे खालच्या झोताला ५५. एकाच काचेत जळणाऱ्या दोन तारा. डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. बल्बमागचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, याच तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिपचा आकार वेगळा, जागा मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे झाली तरी प्रकाश विस्कटतो. बोनेटपुढचा रस्ता लख्ख दिसतो, आपल्याला वाटतं काम झालं! पण जवळचा उजेड वाढला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा माणूस आणखी अंधारात जातो. समोरचा दुचाकीवाला आंधळा होतो तो वेगळाच. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या दुचाकीवर कोणाचं तरी पोर बसलेलं असतं.

मग करायचं काय? हा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, बघा. इंजिन चालू, हेडलाईट चालू. आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या मागच्या कपलरवर, म्हणजे वायर जोडायच्या प्लगवर, बल्ब जळत असतानाच. बॅटरीवर समजा १३.८ आले आणि कपलरवर १२.३, तर दीड व्होल्ट वाटेतच गेला. जुन्या गाड्यांत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून फिरून येतो, कपलरला गंज, अर्थिंग ढिलं, असं करत करत व्होल्टेज गळतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप वेगाने पडतो. व्होल्टेज १० टक्के कमी म्हणजे उजेड साधारण ३० टक्के कमी. बल्ब चांगला आहे हो, उपाशी आहे!

उपाय म्हणजे रिले किट. रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज लावून, थेट रिलेमार्गे बल्बला. जुना कपलर फक्त रिलेला इशारा देतो. वायर न कापता बसणारं किट घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि नव्या गाड्यांत जिथे लाईट कॉम्प्युटरवरून चालतात तिथे हात घालू नका. रिले लावली म्हणून १०० वॅटचा बल्ब मात्र टाकू नका. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो. चांगल्या कंपनीचा ६०/५५ च घ्या, आणि बसवताना काचेला बोट लावू नका. हाताचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

हेडलाईटची काच पिवळी पडली असेल तर? ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. सोसायटीत उघड्यावर उभी राहिली की उन्हाने वरचा थर जातो. टूथपेस्टने घासून चार दिवस चकाकते. पाण्याचा बारीक पॉलिशपेपर, मग पॉलिशचं कंपाउंड, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारं यूव्ही कोटिंग, हे तिन्ही झालं तरच टिकतं.

आता फोकस. यासाठी एखाद्या सोसायटीचं बेसमेंट उत्तम: सपाट जमीन आणि समोर भिंत. टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसवा. भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी सरळ उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर टेप चिकटवा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या टेपच्या साधारण ८ ते १० सेंटिमीटर खाली हवी, आणि डाव्या बाजूला जराशी वर चढलेली, कारण आपल्याकडे फुटपाथ डावीकडे असतो. कड वर असेल तर हेडलाईटमागचा स्क्रू फिरवून खाली आणा. एकेक दिवा झाकून करा, म्हणजे घोळ होत नाही.

आणि डॅशबोर्डवर हेडलाईट वर-खाली करायचं छोटं चाक असेल, ० ते ३ किंवा ४ आकडे असलेलं, तर हे सगळं ते ० वर ठेवून करा. पुढे कधी पाच माणसं आणि डिग्गीभर सामान घेऊन माळशेजला निघालात की मागची बाजू दबते, नाक वर उठतं, तेव्हा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या आकड्यावर ते चाक फिरवा.