स्टुडिबेकर : ढकलगाडी ते अवांती

[वरून घेतलेलं दृश्य. शेतांच्या मधोमध गडद हिरवी अक्षरं.]

ही पाइनची झाडं. अमेरिकेत, इंडियाना राज्यात, न्यू कार्लाईल नावाच्या लहानशा गावाबाहेर. १९३८ साली एका मोटार कंपनीनं आपल्या चाचणी मैदानावर हजारो रोपं अशी लावली, की ती वाढल्यावर त्यांतून कंपनीचं नाव उमटावं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ अर्धा मैल. बाजूच्या रस्त्यानं गेलात तर काही कळणार नाही, नुसतं बन दिसेल. विमानातल्या माणसानं खाली बघावं आणि वाचावं, असा त्यांचा हिशेब.

स्टुडिबेकर.

आपल्याकडे हे नाव अगदीच अनोळखी नाही. अँबेसेडर यायच्या आधी हिंदुस्तान मोटर्स याच कंपनीच्या गाड्यांची जोडणी करायची. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर विचारून बघा.

[साउथ बेंड. संग्रहालयाचं दार. मग वॅगनचं चाक, अगदी जवळून.]

शिकागोहून निघालं की दोन तासांच्या आत साउथ बेंड येतं. तिथं या कंपनीचं संग्रहालय आहे. आम्ही गेलो होतो मोटारींसाठी, आणि कॅमेरा अडकला तो या चाकापाशी.

नीट बघा. मधे तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, बाहेरून लाकडी कड आणि कडेवर लोखंडी धाव. आपल्या बैलगाडीच्या चाकाचा हा सख्खा भाऊ. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची. मग ती भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवायची. तापली की फुगते. दोघा-तिघांनी सांडशीनं उचलायची, चाकावर टाकायची, लाकूड पेट घ्यायच्या आत घणानं चारी बाजूंनी बसवायची, आणि वरून पाणी. चर्र... लोखंड आकसतं, कड आवळली जाते, आरे तुंब्यात घट्ट रुततात. धाव लहान झाली तर आरे वाकतात. मोठी झाली तर पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड सुकून ती निसटते. मधलं माप हातात असावं लागतं.

हे माप हेन्री आणि क्लेमेंट या दोन भावांच्या हातात होतं. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्यांनी साउथ बेंडला लोहारकामाचं दुकान टाकलं. भांडवल ६८ डॉलर आणि बापाकडून शिकलेली विद्या. बाप लोहार, वॅगनी म्हणजे घोड्यांनी ओढायच्या मोठ्या गाड्या बांधणारा. घराणं डंकार्ड पंथाचं, म्हणजे साधी राहणी आणि युद्धाला विरोध. हा विरोध लक्षात ठेवा.

[एकचाकी ढकलगाडीचं जुनं छायाचित्र.]

तिसरा भाऊ जॉन. वय १९. १८५३ साली सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला निघाला, प्लॅसरव्हिल गावी पोचला, आणि आल्या आल्याच त्याला सुतारकामाची मागणी आली. खाणीवरच्या लोकांना माती ओढायला एकचाकी ढकलगाड्या हव्या होत्या. जॉननं पहिली ढकलगाडी बनवली, तिचं चाक वाकडं झालं. हे तो पुढे स्वतःच हसत सांगायचा. दुसरी सरळ झाली. मग त्यानं पाच वर्षं सोन्याकडे बघितलंच नाही. सोनं शोधणाऱ्यांना ढकलगाड्या विकत राहिला. लोक त्याला ‘व्हीलबॅरो जॉनी’ म्हणायचे. त्या भागातल्या जत्रेत आजही त्याच्या नावानं ढकलगाड्यांची शर्यत लागते.

१८५८ साली तो ८ हजार डॉलर घेऊन परत आला.

वेळही नेमकी साधली. लष्कराच्या वॅगनींचं काम आलं होतं आणि थोरल्या हेन्रीच्या धर्मात ते बसत नव्हतं. हेन्री शेती करायला निघून गेला, जॉननं त्याचा वाटा घेतला. पाठोपाठ यादवी युद्ध झालं, मग पश्चिमेकडे निघालेले वसाहतवाल्यांचे तांडे. १८७२ आणि १८७४ अशा दोन वेळा कारखान्याला आग लागली, दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला. शतक संपता संपता जगातली सगळ्यात मोठी गाडीवाली कंपनी आम्हीच, असं हे भाऊ जाहिरातीत छापत होते.

[काळी बग्गी. कॅमेरा सावकाश फिरतो.]

ही बग्गी स्टुडिबेकरनं बांधलेली नाही, न्यूयॉर्कच्या एका कारागिरांच्या पेढीची आहे. पण क्लेमेंटनं ती १८८९ मध्ये विकत घेतली, म्हणून इथं आहे. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकन याच बग्गीतून नाटकाला गेले.

[निवेदन थांबतं. दहा सेकंद फक्त पायरी आणि आतली गादी.]

[विजेवर चालणारी सुरुवातीची मोटार.]

मोटार आली १९०२ मध्ये, आणि आली ती विजेवरची. पहिल्या वर्षी वीस विकल्या गेल्या; त्यांतली दुसरी खुद्द टॉमस एडिसननं घेतली. आज ‘इलेक्ट्रिक’ म्हणून मिरवणाऱ्यांनी हा कोपरा जरूर बघावा. पेट्रोलच्या गाड्या १९०४ पासून, सुरुवातीला दुसऱ्यांच्या कारखान्यांत बांधून घेतलेल्या. पुढे कंपनीनं डेट्रॉइटची ‘ई. एम. एफ.’ विकत घेतली. त्या गाड्या इतक्या बिघडायच्या, की लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘एव्हरी मॉर्निंग फिक्स-इट’, म्हणजे ‘रोज सकाळी दुरुस्त करा’, असा लावला होता. स्टुडिबेकरनं आपले मेकॅनिक गिऱ्हाइकांच्या दारी पाठवले आणि पदरमोड करून त्या गाड्या नीट करून दिल्या. मला या कंपनीबद्दल जी माया आहे, तिची सुरुवात या गोष्टीपासून आहे.

वॅगन बांधणं १९२० साली थांबलं.

[जुनी कृष्णधवल चित्रफीत. बँकेबाहेरच्या रांगा.]

आता पैशाची गोष्ट. ती थोडक्यात सांगतो, पण ऐका, कारण खरा घोळ इथंच आहे. अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन. १९२९ ची मंदी आली, विक्री कोसळली, तरी अर्स्किन भागधारकांना लाभांश वाटत राहिला. १९३० साली तर झालेल्या नफ्याच्या जवळपास पाचपट. मंदी दोन दिवसांची पाहुणी आहे, असं त्याला वाटत होतं. १९३३ च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. १ जुलैला अर्स्किननं स्वतःवर गोळी झाडून घेतली.

पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स या दोघांनी कंपनी सावरली. १९३९ ला ‘चॅम्पियन’ आली. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, परवडणारी. महायुद्धात इथून सुमारे २ लाख ट्रक बाहेर पडले, त्यांतले बहुतेक रशियाला गेले. कात्युशा रॉकेटं ज्यावर बसवलेली दिसतात, त्यांतले कितीतरी ट्रक साउथ बेंडचे.

[लाल स्टारलाइट कूपे. मागून.]

ही १९४७ ची कूपे. युद्ध संपल्यावर बाकीचे जुन्याच गाड्या नव्या रंगात विकत होते, आणि स्टुडिबेकरनं १९४६ सालीच सगळ्यांच्या आधी पूर्ण नवी गाडी बाजारात आणली. मागची काच बघा, चार तुकड्यांची, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वळलेली. गाडी येतेय की जातेय हेच कळत नाही, असा विनोद देशभर झाला. १९५० ला नाक आलं, विमानासारखं टोकदार. त्या वर्षी ३ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. इतक्या त्याआधीही कधी नाहीत आणि नंतरही नाहीत.

[१९५३ ची स्टारलायनर. बाजूने, संथ.]

आणि ही. डिझायनर रेमंड लोवीच्या कचेरीतल्या रॉबर्ट बर्कनं रेखलेली. शेजारी उभं राहिलं तर छप्पर छातीशी येतं. क्रोमची पट्टी जेमतेम एखादी. १९५३ मधली अमेरिकन गाडी म्हणजे चांदीच्या ताटासारखी लखलखणारी. आणि तिच्या शेजारी ही अशी, दागिने न घातलेली. मला विचाराल तर अमेरिकेत याहून सुंदर गाडी बनली नाही. वाद घालायचा असेल त्यांनी आधी ती रेषा दारापासून मागच्या दिव्यापर्यंत डोळ्यांनी फिरवून बघावी.

आता हिचं नशीब. लोक घरगुती सेदान घेतील, कूपे थोडीच खपेल, असा कारखान्याचा अंदाज होता. झालं उलटं. गिऱ्हाइकं कूपेसाठी रांगेत आणि आवारात सेदान उभ्या. त्यात पुढचे पत्रे एकमेकांत नीट बसेनात. इंजिन ठेवलं की चौकट लवायची. तेवढ्यात फोर्ड आणि जनरल मोटर्सनं आपसात किमतींची लढाई सुरू केली. हत्तींच्या झुंजीत गवताचं जे होतं ते झालं.

[इमारत क्रमांक ८४. विटांच्या भिंती, खिडक्यांच्या रांगा.]

हा कारखाना. डेट्रॉइटवाले ऐसपैस एकमजली कारखाने बांधत होते, इथं काम अजून मजल्यांवर चाललेलं. यंत्रं जुनी, मजुरी मात्र डेट्रॉइटपेक्षा जास्त. ‘आमच्याकडे बाप आणि मुलगा शेजारी शेजारी काम करतात’ ही कंपनीची जाहिरात असायची, आणि ती खरी होती. १९५४ मध्ये कामगारांनी मतदान करून स्वतःची मजुरी कमी करून घेतली. कंपनी जगावी म्हणून.

त्याच वर्षी पॅकार्ड कंपनीनं स्टुडिबेकर घेतली. वह्या उघडल्या तेव्हा कळलं, की नुसतं तोट्यातून वर यायलाच वर्षाला २ लाख ८२ हजार गाड्या विकायला हव्यात. विकल्या जात होत्या एक लाखही नाहीत. पॅकार्डची बाजू या फिल्ममध्ये नाही, आम्ही तिथं गेलो नाही. १९५८ ला पॅकार्ड हे नावच संपलं, एवढं पुरे.

१९५९ ची ‘लार्क’ मात्र चालली. जुन्याच सांगाड्याचं पुढचं-मागचं टोक कापून केलेली छोटी गाडी, पण चालली. नफा झाला. आणि तो पैसा कुठं गेला? रेफ्रिजरेटर, जनरेटर, बागेतले ट्रॅक्टर, तेलात घालायचं रसायन. अशा कंपन्या विकत घेण्यात. संचालकांना मोटारीतून बाहेर पडायचं होतं. नव्या यंत्रांना पैसे नव्हते, फ्रिजला होते!

[सोनेरी अवांती. समोरून, खालून.]

नवा अध्यक्ष शेरवुड एगबर्ट मोटारीच्या धंद्यातला नव्हता, म्हणूनच बहुधा घाबरला नाही. १९६१ च्या मार्चमध्ये त्यानं लोवीला गाठलं. मला एक गाडी हवी, लोकांनी थांबून बघावी अशी. लोवीनं कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्सला एक घर भाड्यानं घेतलं आणि तिघांना आत बसवलं : टॉम केलॉग, बॉब अँड्र्यूज, जॉन एबस्टाइन. बाहेर वाळवंट. घड्याळं बंद, फोन तोडलेला, असं सांगतात. कागद, माती, पुन्हा कागद. चाळीस दिवसांत कागदावरच्या रेघांपासून पूर्ण आकाराच्या मातीच्या नमुन्यापर्यंत मजल गेली.

[बॉनेटवरचा उंचवटा. मग आत, छतावरची बटणं.]

हीच ती अवांती. समोर जाळी नाहीच, हवा बंपरच्या खालून आत जाते. बॉनेटवरचा हा उंचवटा मधोमध नाही, ड्रायव्हरच्या बाजूला आहे. सीटवर बसलं की बंदुकीच्या माशीतून बघितल्यासारखा रस्ता दिसतो. बटणं काही समोर, काही डोक्यावर, विमानात असतात तशी. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, जे तेव्हा अमेरिकन गाडीत जवळपास नव्हतेच. बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १९६२ मध्ये तिनं वेगाचे विक्रम मोडले.

आणि अंग फायबरग्लासचं. ओहायोतल्या एका कारखान्यातून यायचं. तुकडे आले ते एकमेकांत बसेनात. पत्रा असता तर हातोडी मारली असती. फायबरग्लासला हातोडी चालत नाही. महिने गेले. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते, ते दुसरी गाडी घेऊन मोकळे झाले. एकूण बनल्या साडेचार हजारांच्या थोड्या वर.

[हिवाळा. कारखान्याचं फाटक. कृष्णधवल.]

एगबर्टला कर्करोग होता. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यानं खुर्ची सोडली. ९ डिसेंबरला कंपनीनं जाहीर केलं, साउथ बेंड बंद. २० डिसेंबरला शेवटची गाडी बाहेर आली.

[निवेदन नाही. छायाचित्रं : टोप्या घातलेले कामगार, जेवणाचे डबे, रिकामं वाहनतळ. ४० सेकंद.]

सुमारे ७ हजार लोकांचं काम गेलं. पेन्शनच्या निधीत पुरेसे पैसे नव्हते. चाळिशी ते साठीतल्या सुमारे ४ हजार जणांना कबूल केलेल्या डॉलरमागे १५ सेंट मिळाले, त्याहून तरुणांना काहीच नाही. १९७४ चा पेन्शन संरक्षणाचा अमेरिकन कायदा झाला, त्यामागे हे प्रकरण होतं.

[साउथ बेंडमधला अवांती मेळावा. बॉनेट उघडलेल्या गाड्या.]

अवांती मात्र मेली नाही. नेथन ऑल्टमन आणि लिओ न्यूमन हे गावातलेच स्टुडिबेकरचे दोन विक्रेते. त्यांनी साचे, हक्क आणि कारखान्याचा एक भाग विकत घेतला आणि हातानं, मोजक्याच, अवांती बांधत राहिले. आधीच्याच कामगारांतले काही जण घेऊन. तुकडे बसायला वेळ लागला तरी आता घाई नव्हती.

[संग्रहालय. फिकट हिरव्या-निळ्या रंगाची क्रूझर.]

स्टुडिबेकर हे नाव कॅनडात, हॅमिल्टनला, आणखी दोन-सव्वादोन वर्षं टिकलं. १७ मार्च १९६६ ला तिथून ही क्रूझर बाहेर पडली. शेवटची. नंतर गाडी इथं, घरी आणली. स्वच्छ आहे, चकाचक आहे, पुढच्या जाळीवर नाव आहे.

बॉनेट बंद आहे. साउथ बेंडचा इंजिनांचा कारखाना बंद झाल्यावर हॅमिल्टनवाल्यांनी इंजिनं बाहेरून घेतली होती. आतलं इंजिन जनरल मोटर्सच्या घरचं आहे.

[कॅमेरा बॉनेटवर. काळोख.]