आधी लादी वाचवा

(विलेपार्ले येथे गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘घराचं नूतनीकरण आणि पर्यावरणपूरक राहणी’. पाणी, वीज, कचरा, सगळ्यावर बोलायचं ठरलंय आणि मी बोलणार आहे. पण त्याआधी एका गोष्टीवर बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. लोकांच्या घरांची कामं करून देणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे ती सतत डोळ्यांसमोर घडते. घराचं काम काढलं की कंत्राटदार येतो, दारातच उभा राहतो, खाली बघतो आणि म्हणतो, “मॅडम, ये लादी तो सब निकालना पडेगा.” अजून त्याने भिंतींची ओल पाहिलेली नसते, नळ उघडलेला नसतो. लादीचा निकाल मात्र लागलेला असतो.

हात वर करा बरं, किती जणांकडे अजून मूळची मोझॅक लादी आहे? वा, बरेच आहात. आणि ती काढून व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेली चकचकीत टाइल, कोणी टाकली? त्या काकू हात अर्धाच वर करतायत. करा पूर्ण, इथे कुणी रागावणार नाही!

आता हिशेब करू. ५०० चौरस फुटांचं घर धरा. लादी आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा थर मिळून सुमारे तीन इंच जाडी होते. म्हणजे १२५ घनफूट माल, वजनाने सहा-सात टन. तीस किलोची एक गोणी धरली तरी दोनशेच्या वर गोण्या, आणि ही फक्त जमीन झाली. हे डेब्रिज जातं कुठे? नियमांप्रमाणे बांधकामाचा राडारोडा ज्याच्या घरातून निघतो, त्यानेच तो नेमून दिलेल्या ठिकाणी पोचवायचा असतो. पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, पैसे भरले की ते येऊन उचलतात. तरीही रात्री टेम्पो निघतात आणि खाडीकाठच्या कांदळवनात रिकामे होतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी तुमच्यापैकी कोण कुठे अडकलं होतं ते तुम्ही विसरला नसाल. पाणी मुरायची, वाहून जायची जागा आपणच बुजवत आलोय, आणि त्या भरावात आपल्या हॉलची लादी आहे.

मालाडचं एक घर सांगते. साठच्या दशकातली चार मजली इमारत, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. नवरा-बायको दोघं नोकरीवाले आणि सासूबाई. कंत्राटदाराच्या कोटेशनची पहिलीच ओळ होती लादी तोडण्याची. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “पण हिला झालंय काय?” खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. मळली होती, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ तीन लाद्या फुटल्या होत्या, बस.

आम्ही कपाट कायमचं बसणार होतं त्या कोपऱ्यातून तीन लाद्या अलगद काढल्या आणि उंबऱ्याजवळ बसवल्या. कपाटाखाली साधा कोबा केला. मग लादीपॉलिशवाला आला. मशीनला आधी भरड दगड लावून पाणी सोडत घासलं. त्यातून राखाडी चिखल निघतो. तो बाथरूमच्या जाळीत ओतू द्यायचा नाही, आत पाइपात सिमेंटसारखा बसतो. पिंपात निवळू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, खालचा गाळ गोणीत भरायचा. हे कामाआधीच बजावून सांगा, नाहीतर तुमच्या खालच्या मजल्यावरचे तुमच्याशी वर्षभर बोलणार नाहीत! पुढे पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग कालवून बारीक भोकं भरली, दोन दिवसांनी बारीक दगड, शेवटी ऑक्झॅलिक पावडरचा हात. मशीन जिथे पोचत नाही त्या भिंतीकडेच्या पट्ट्या त्याने उकिडवं बसून हाताने घासल्या. हिरवट आणि तांबूस संगमरवरी खडी अशी वर आली, की सासूबाई म्हणाल्या, आम्ही राहायला आलो तेव्हा अशीच होती.

हे शक्य झालं ते लादीच्या घडणीमुळे. मोझॅक लादी भट्टीत भाजत नाहीत. सिमेंट, रंग आणि संगमरवराची खडी दाबयंत्रात दाबायची आणि पाण्यात मुरवायची. वरचा थर चांगला जाड असतो, म्हणून पुन्हा पुन्हा घासता येतो. ह्याच जातकुळीच्या रंगीत नक्षीच्या सिमेंट लाद्या इथे मुंबईत बनत आल्यात. भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी १९२२ साली निघाली ती स्वदेशीच्या विचारातून, परदेशी लाद्यांना तोडीस तोड माल इथेच करायचा म्हणून. गिरगावातल्या, फोर्टातल्या जुन्या इमारतींत नक्षीच्या सिमेंट लाद्या अजून पायाखाली आहेत. त्या उखडून आपण काय आणतो? बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली, बहुतेक वेळा गुजरातेतल्या मोरबीहून ट्रकने आलेली टाइल. ती बसवायला पुन्हा सिमेंट. सिमेंटसाठी चुनखडी साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवतात. भट्टीतल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड वेगळा आणि खुद्द चुनखडीतून सुटतो तो वेगळा. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटमुळे. तुमच्या घरातल्या लादीसाठी हे सगळं एकदा जळून झालंय. ते पुन्हा जाळायचं कशाला?

‘मग टाइलवर टाइल बसवू’ असं काही जण म्हणतात. स्लॅबवर वजन वाढतं, दारं खालून तासावी लागतात. माझी त्याला संमती नसते.

हेच दारांचं. जुन्या इमारतींत सागवानी चौकटी आहेत, कुठे कुठे तर बर्मा टीक. रंगाचे थर खरवडून पॉलिश केलं की पुढची पन्नास वर्षं बघायला नको. अगदी काढायचंच ठरलं तर विका. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या लाकडाला गिऱ्हाईक आहे. डेब्रिजच्या गोणीत सागवान बघितलं की मला फार वाईट वाटतं.

पण सगळंच ठेवा असं माझं म्हणणं नाही. बाथरूम गळत असेल तर तोडा, खालपर्यंत तोडा आणि वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या. गंजलेले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप बदला. जुनं वायरिंग, नसलेलं अर्थिंग, ह्यात काटकसर करू नका. स्लॅबची सळई दिसत असेल तर रंगरंगोटी थांबवा आणि आधी इंजिनिअर बोलवा. इमारत तीस वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, मुंबई पालिका कायद्याच्या ३५३-ब कलमानुसार बंधनकारक आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ हा ठराव करू नका.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. बरं, भरभर घेते.

हवा आणि वीज. जुन्या खिडक्यांच्या झडपा पूर्ण उघडतात, स्लायडिंग अर्धीच उघडते. वर पीओपीची फॉल्स सीलिंग टाकून व्हेंटिलेटर बंद केलं की गरम हवेला वाट राहत नाही, मग एसी लागतोच. पश्चिमेच्या खिडकीला काचेच्या बाहेरून बांबूची चटई सोडा. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो, चटई आधीच अडवते. छज्जा कुणी काढा म्हटलं तरी काढू नका. पंखे बदलायचे तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे, घ्या, साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३० ते ३५. एसी २४ वर ठेवा. २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर असतात, ते खाली आणण्याची घाई नको. गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी, असेल तर शाबूत ठेवा, त्याचे पांढरे तुकडे ऊन परतवतात. सौर पॅनेलसाठी सोसायट्यांना सामायिक विजेकरिता ‘पीएम सूर्यघर’ योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, सचिवांनी लिहून घ्या.

पाणी. भातसा, वैतरणा, तानसा, तिकडून शंभर-शंभर किलोमीटर वाहत आलेलं तलावाचं पाणी आपण पितो. त्यात क्षार मुळातच कमी. ज्यांच्याकडे फक्त पालिकेचं पाणी येतं त्यांना आरओची, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राची, गरज नाही, साधं गाळण आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा पुरतो. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. बोअर किंवा टँकर असेल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. बाथरूम नवं करतच असाल तर दोन बटणांचा फ्लश बसवा, तीन आणि सहा लिटरचा, आणि नळांना एअरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी.

कोटेशन घेताना त्यात दोन ओळी लिहून घ्या: घरातलं काय काय ठेवायचं, आणि डेब्रिज कुठे जाणार. दुसऱ्या ओळीची पावती हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. कंत्राटदार कुरकुरतील, पण देतात, माझा अनुभव आहे.

कचऱ्याचं राहिलंच. अध्यक्ष उभे राहिलेत. गॅलरीतल्या खताच्या डब्याला वास येतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या दोघी समोर बसल्यात. त्यात सुका पाला आणि नारळाच्या शेंड्या कमी पडतायत. चहा घेताना मला भेटा, प्रमाण सांगते.