हृदय थकतं तेव्हा

'हार्ट फेल्युअर' म्हटलं की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. हृदय बंद पडलं, असंच वाटतं त्यांना. तसं नसतं. हृदय चालूच असतं. पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलतं तेव्हा मागे दाब तुंबलेला असतो.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 'ईएफ' असा आकडा असतो. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के दर ठोक्याला बाहेर पडतं, ते तो सांगतो. निरोगी हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात दर ठोक्याला साधारण 120 मिलिलिटर रक्त भरतं, त्यातलं 70 बाहेर पडतं. म्हणजे ईएफ 58 टक्के. हे परीक्षेचे गुण नव्हेत, शंभर कुणालाच मिळत नाहीत! आकडा 40 किंवा त्याखाली असेल, तर स्नायू कमजोर झालाय. 41 ते 49 हा मधला पट्टा.

पण ईएफ 60 असूनही माणूस धापा टाकतो, त्याचं काय? इथे स्नायू कडक झालेला असतो, सैलावतच नाही. समजा, कप्प्यात 80 मिलिलिटरच भरलं आणि 48 बाहेर गेलं. टक्केवारी 60च, रक्त मात्र कमी. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून अशा रुग्णाला, बहुतेकदा वयस्कर, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या बाईला, परत पाठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

डावी बाजू थकली की पाणी फुप्फुसात साचतं. आडवं पडलं की दम लागतो. म्हणून मी आधी विचारतो, ''झोपताना उशा किती लागतात?'' एकीच्या तीन झाल्या असतील, तर निम्मं निदान तिथेच होतं. उजवी बाजू थकली की पाय सुजतात. नडगीवर अंगठा दाबून धरा. उचलल्यावर खळगा तसाच राहतो.

हे पाणी येतं कुठून? रक्त कमी पोहोचलं की मूत्रपिंडाला वाटतं, शरीरातलं पाणीच आटलंय. ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. आधीच थकलेल्या हृदयावर आणखी ओझं. आपली बरीचशी औषधं हे चक्र तोडण्यासाठीच असतात. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. लगेच डॉक्टरांना कळवा.

आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका: हे कशामुळे झालं? हार्ट फेल्युअर ही अवस्था आहे, मूळ दुखणं वेगळं असतं. बहुतेकदा जुना झटका किंवा वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेला रक्तदाब. कधी खराब झालेली झडप, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाची खूण. कधी दारू, कर्करोगावरची काही औषधं, थायरॉइड, सतत वेगाने पळणारे ठोके; क्वचित बाळंतपणाच्या आसपासही होतं. यातली काही कारणं दूर करता येतात आणि मग ईएफ पुन्हा वर येतो. आला, तरी गोळ्या मनाने बंद करू नका. त्या सोडल्यावर हृदय पुन्हा ढेपाळू शकतं.