क्रमांक शाळेचा की वस्तीचा?

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

न्यू जर्सीत नव्याने आलेले मराठी कुटुंब घर शोधू लागले की त्यांचा पहिला प्रश्न तळघराचा किंवा रेल्वे स्टेशनचा नसतो. ‘तिथल्या हायस्कूलचा नंबर कितवा?’ हा असतो. मी या राज्यातील एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये बावीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे हा प्रश्न मला फोनवर, हळदीकुंकवात आणि गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतही विचारला गेला आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. राष्ट्रीय क्रमवारी मुख्यतः शाळेत कोणती मुले येतात हे मोजते. त्या मुलांना शाळा काय देते हे ती फार थोडे मोजते, आणि जे थोडे मोजते तेच आपण वाचायचे सोडून देतो.

आज सर्वांच्या तोंडी असते ती ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या अमेरिकन प्रकाशनाची हायस्कूलची यादी. तिच्याआधी १९९८ मध्ये ‘न्यूजवीक’ने जे मॅथ्यूज या पत्रकाराच्या सूत्रावर आधारलेली यादी छापली होती. ते सूत्र विलक्षण सोपे होते : शाळेत एपी, आयबी अशा कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा किती दिल्या गेल्या ते मोजायचे आणि त्या आकड्याला त्या वर्षी हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुलांच्या संख्येने भागायचे. मुले उत्तीर्ण झाली की नाही, हे त्यात पाहिलेच जात नव्हते. गरीब वस्तीतील मुलांनाही कठीण अभ्यासक्रमाची दारे उघडावीत, हा मॅथ्यूज यांचा हेतू होता आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण परीक्षेला बसवलेल्या मुलांची संख्या म्हणजे शाळेची गुणवत्ता, हे समीकरण कोणत्याही गणिताच्या शिक्षकाच्या गळी उतरणार नाही.

‘यू. एस. न्यूज’ची पद्धत अधिक काळजीपूर्वक आखलेली आहे. २०१९ पासून ती सतरा हजारांहून अधिक शाळांना क्रमांक देते. शंभरपैकी तीस टक्के भार ‘कॉलेजसाठीच्या तयारी’ला आहे, म्हणजे बारावीतील किती मुलांनी निदान एक एपी किंवा आयबी परीक्षा दिली आणि तीत पुरेसे गुण मिळवले याला. अशा परीक्षा किती वेगवेगळ्या विषयांत दिल्या, याला आणखी दहा टक्के. राज्याच्या परीक्षांतील निकालाला वीस टक्के, आणि शाळेतील मुलांची सामाजिक-आर्थिक स्थिती पाहता जो निकाल अपेक्षित होता त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष निकाल कसा लागला, याला वीस टक्के. उरलेल्या वीसपैकी दहा वंचित गटांतील मुलांच्या कामगिरीला आणि दहा हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांच्या प्रमाणाला. म्हणजे दहापैकी चार हिस्से दोन खासगी संस्थांच्या परीक्षांवर अवलंबून आहेत. न्यूयॉर्कमधील स्कार्सडेलच्या सार्वजनिक हायस्कूलने एपीचे अभ्यासक्रम सोडून स्वतःचे प्रगत अभ्यासक्रम आखले. तिथल्या शिक्षकांनी तो निर्णय विचारपूर्वक घेतला होता, पण या तराजूत त्या विचाराला वजन नाही. जो मुलगा व्यावसायिक शिक्षण घेऊन इलेक्ट्रिशियन होणार आहे, तोही ‘कॉलेजसाठीच्या तयारी’च्या भागाकारात छेदात मोजला जातो. अंशात मात्र तो कधीच येत नाही.

आणखी एक बारकावा असा की, शाळेच्या नावापुढे छापलेला दोन दशांश स्थळांपर्यंतचा गुणांक हा शतमान असतो. ८४.३७ याचा अर्थ ती शाळा तितक्या टक्के शाळांच्या पुढे आहे, एवढाच. किती पुढे, हे तो सांगत नाही. शेकडो शाळा जवळजवळ एकाच पातळीवर असतील, तर पाचपंचवीस मुलांच्या निकालाने किंवा मोजण्याच्या पद्धतीतील बदलाने शाळा कितीतरी पायऱ्या वरखाली होते. आमच्या शाळेत हे घडले. २०१९ ला पद्धत बदलली तेव्हा आमचा क्रमांक एकाएकी घसरला, पालकांची सभा भरली, आणि आम्ही शिक्षक तेच, वर्ग तेच, फळेही तेच असताना ‘यंदा असे काय बिघडले’ याचे उत्तर आमच्याकडे मागितले गेले. त्यानंतर दोन वर्षे आमच्या विभागाचा बराच वेळ, ज्या मुलांना संख्याशास्त्र अधिक उपयोगी पडले असते त्यांना एपी कॅल्क्युलसमध्ये बसवावे की नाही, या वादात गेला.

यादी शिळ्या आकड्यांवर बनते, हेही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन हायस्कूल वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर होते. तिथे पूर्वी प्रवेशपरीक्षा होती. २०२० च्या अखेरीस ती रद्द झाली आणि आपल्यापैकी अनेक भारतीय पालकांनी त्याविरुद्धचा न्यायालयीन लढा जवळून पाहिला. २०२४ च्या यादीत ही शाळा चौदाव्या क्रमांकावर गेली, तेव्हा ‘बघा, परीक्षा काढल्याचा परिणाम’ असे मी याच सभागृहात ऐकले. परंतु त्या यादीसाठी वापरलेले आकडे मुख्यतः २०२१-२२ मधील बारावीचे होते, आणि ती मुले जुन्या परीक्षेतूनच निवडली गेली होती. नवे धोरण चांगले की वाईट, यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. त्या क्रमांकावरून मात्र काहीच सिद्ध होत नव्हते.

निवडून घेतलेल्या मुलांची शाळा वर येते, यात नवल नाही. आपल्या राज्यातही मॉनमथ काउंटीतील हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल किंवा बर्गन काउंटी अकॅडमीज यांसारख्या शाळा परीक्षा आणि आधीचे गुण पाहून मुले घेतात, आणि त्यांची तुलना गावातल्या प्रत्येक मुलाला दार उघडणाऱ्या हायस्कूलशी एकाच यादीत होते. अर्थशास्त्रज्ञ अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी २०१४ मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्कमधील अशा प्रवेशपरीक्षेच्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेमतेम गुणांनी आत गेलेली आणि जेमतेम गुणांनी बाहेर राहिलेली मुले त्यांनी शेजारी ठेवून पाहिली, आणि पुढच्या परीक्षांतील गुणांत त्यांना फारसा फरक आढळला नाही. आपल्यापैकी ज्यांना ‘लातूर पॅटर्न’चे दिवस आठवतात आणि बोर्डाची गुणवत्ता यादी लागली की क्लासवाल्यांच्या जाहिरातींनी भरलेली वर्तमानपत्रे आठवतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. यादीत आलेल्या मुलांची छायाचित्रे छापली जात. ती मुले आधी कुठून वेचून आणली होती, हे छापले जात नसे.

आता घराकडे येऊ. सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये बोस्टनच्या उपनगरांतील अशी घरे तपासली की ज्यांच्या मधून फक्त शाळेच्या हद्दीची रेषा जाते. परीक्षेतील सरासरी पाच टक्क्यांनी अधिक असलेल्या बाजूला लोक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. या देशात शाळेच्या खर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरे महागली की तिथे येणारी कुटुंबे अधिक कमावती व अधिक शिकलेली असतात, त्यांच्या मुलांचे निकाल चांगले लागतात, क्रमांक वर जातो आणि घरे पुन्हा महागतात. प्लेन्सबरो किंवा एडिसनला आपण जो क्रमांक पाहून जातो, तो घडवणाऱ्यांत आपण स्वतःच असतो : आपली एम. टेक. झालेली आई, शनिवारचा गणिताचा क्लास, जेवणाच्या टेबलावरची पाढ्यांची उजळणी. आपण घर घेताना जास्तीचे पैसे मोजतो ते बव्हंशी आपण सोबत घेऊन आलेल्या गोष्टीसाठीच. आणि ट्रेंटनसारख्या गरीब वस्तीच्या शहरातील ज्या शिक्षिकेच्या वर्गात वर्षाच्या मध्यावर तीन नवी मुले येतात, ज्यांना इंग्रजी येत नाही, तिच्या शाळेला तळाच्या रांगेत उभे केले जाते.

चुकाही होतात, त्या वेगळ्या. २०१२ मध्ये नेवाडातील ग्रीन व्हॅली हायस्कूल देशात तेरावे ठरले. नंतर उघड झाले की अडीच हजारांहून अधिक मुलांच्या त्या शाळेची पटसंख्या आकड्यांत पाचशेच्याही आत दाखवली गेली होती. मी त्यावर फार वेळ घालवणार नाही, कारण आकडे अगदी अचूक असते तरी माझा आक्षेप उरतोच.

मग अर्थपूर्ण काय आहे? स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातील स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे एकेका स्थानिक शाळामंडळाखालच्या शाळांची, सरासरी नव्हे, तर मुलांची वर्षागणिक वाढ मोजली. शिकागोच्या सार्वजनिक शाळांतील मुले तिसरीत देशाच्या सरासरीच्या बरीच मागे होती, पण आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत त्यांनी सहा वर्षांइतकी प्रगती केली होती. सरासरीच्या यादीत शिकागो कधीच वर दिसणार नाही. ‘यू. एस. न्यूज’च्या पानावरही अपेक्षेच्या तुलनेतील निकाल आणि वंचित मुलांचे निकाल असे रकाने आहेत. मी क्रमांक झाकून आधी तेच पाहते.

माझी भाची गेल्या वर्षी पुण्याहून आली, तेव्हा तिच्यासमोर दोन गावे होती आणि दोन्हींच्या क्रमांकांत हजाराचे अंतर होते. मी तिला तीन प्रश्न लिहून दिले : आठवीत बीजगणित न घेतलेले मूल बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोहोचू शकते का, एका काउन्सेलरकडे किती मुले असतात, आणि एपीत नापास झालेल्या मुलाशी पुढे कोण बोलते? वरच्या क्रमांकाच्या शाळेने तिला छापील पुस्तिका दिली. खालच्या शाळेतील गणित विभागप्रमुखांनी पाऊण तास बसून तिला उन्हाळी वर्गाचे वेळापत्रक कागदावर काढून दाखवले, आणि कोणती मुले त्यातून निसटतात हेही सांगितले. तिने तिथे घर घेतले. तिच्या नवऱ्याला मॅनहॅटनला जायला वीस मिनिटे जास्त लागतात, आणि त्याचा दोष दर सोमवारी मावशीच्या माथी येतो.