टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस

(दृश्य : दादर पूर्व, सकाळची गर्दी)

परळहून टॅक्सीत बसा आणि 'खोदादाद सर्कल' म्हणा. ड्रायव्हर बहुधा मागे वळून विचारेल, कुठे? त्याच चौकाला 'दादर टीटी' म्हणा, लगेच मीटर पडेल. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली, तरी मुंबईच्या तोंडून तिचं नाव सुटलेलं नाही.

ट्राम खरं तर आधीच यायची होती. १८६५ साली एका अमेरिकन कंपनीला परवानाही मिळाला होता. पण त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव गडगडले, शेअरच्या नादी लागलेल्या मुंबईचं दिवाळं निघालं आणि रूळ कागदावरच राहिले.

(दृश्य : घोड्यांच्या ट्रामचं जुनं छायाचित्र)

अखेर ९ मे १८७४ रोजी ट्राम धावली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. ओढायला घोडे. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, आणि तिकीट नाहीच! कुलाबा कॉजवेवर आज जिथे बेस्टचं इलेक्ट्रिक हाऊस आहे, तिथे ट्राम चालवणाऱ्या कंपनीचे तबेले होते. सुरुवातीलाच ९०० घोडे. त्यांची वैरण, पाणी, खरारा, नाल ठोकणं... शहर हलायचं ते या तबेल्याच्या जिवावर. त्या मुक्या जनावरांची आठवण आपण फारशी ठेवली नाही, याचं मला वाईट वाटतं.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, महापालिका कार्यालय ते क्रॉफर्ड मार्केट. अंतर चालत जाण्याइतकं, पण घोड्यांच्या मानेवरचं जू उतरलं. १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या. १९३५ मध्ये ४७ किलोमीटर मार्गांवर ४३३ ट्राम होत्या. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला परवडणारं वाहन होतं ते.

मग मोटारी वाढल्या. ट्राम रुळाला बांधलेली, पुढे गाडी अडली की मागे रांग. बस बाजूने निघून जायची. १९५० नंतर एकेक मार्ग बंद होत गेला.

३१ मार्च १९६४. रात्री दहाला बोरीबंदरहून शेवटची ट्राम सुटली, ती दादरला येऊन थांबली. इथेच, टीटीला.

(दृश्य : फ्लोरा फाउंटन, जमिनीलगत कॅमेरा)

२०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकाम सुरू होतं. वरचा थर निघाला आणि खाली ट्रामचे रूळ दिसले. ते कुणी उखडलेच नव्हते. त्यांच्यावरूनच रस्ता झाला होता. ट्रामच्या रुळाला वरच्या बाजूने खोबण असते. चाकाची कड तिच्यात बसते, म्हणून रूळ रस्त्याच्या वर येत नाही, माणसं त्यावरून सहज चालतात. आपणही इतकी वर्षं त्यांच्यावरूनच चालत होतो.