मीटिंग कुठे आहे?

(दृश्य : जिना. उघडं दार. खुर्च्या गोलात मांडणारे हात.)

हे हात या खोलीच्या मालकाचे नाहीत, आणि पगारी माणसाचेही नाहीत. ज्यांची दारू सुटली आहे किंवा सुटावी असं ज्यांना वाटतं, तेच लवकर येऊन खुर्च्या मांडतात. खोलीचा खर्च आपसांत वर्गणी काढून भागवतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत.

चेहरे तुम्हाला दिसणार नाहीत. वर्तमानपत्रात, रेडिओवर, चित्रफितीत सभासदाची ओळख उघड करायची नाही, ही अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एए या संघटनेची, जुनी परंपरा. म्हणून कॅमेरा हातांवर आणि पाठींवरच फिरतो. आमची त्याबद्दल तक्रार नाही.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. हॉटेलची लॉबी, टेलिफोन.)

असा गट शोधण्याची गोष्ट एका फोनपासून सुरू होते. मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस बिल विल्सन एका कंपनीच्या ताब्यासाठीची लढत हरून हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालतोय. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेत. एका बाजूला बार, तिथली हसण्याबोलण्याची गडबड ऐकू येतेय. दुसऱ्या बाजूला टेलिफोन, आणि शहरातल्या चर्चची यादी.

तो यादीतल्या एका धर्मगुरूंना फोन लावतो. मागणी चमत्कारिक आहे : दारू न सुटणारा कुणी माहीत असेल तर त्याची गाठ घालून द्या. एका नावावरून दुसऱ्या नावावर जात तो हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोहोचतो, आणि त्या दुसऱ्याच दिवशी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनना बोलावून घेतात. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर येतात आणि सहा तासांहून जास्त बसतात. दारूवर उपदेश करणारे त्यांना आजवर पुष्कळ भेटले होते. हा माणूस स्वतःच्या पिण्याबद्दल बोलत होता.

१० जून १९३५, डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, हाच एएचा स्थापनादिन मानतात. नाव रूढ झालं ते १९३९ मध्ये निघालेल्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर फिरणारं बोट.)

आता यादी मीटिंगची असते, आणि ती मोबाइलवर असते. एएच्या संकेतस्थळावर मीटिंगची जागा, वार, वेळ मिळते. हेल्पलाइनही असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती सभासदच सांभाळतात. म्हणजे पलीकडे बोलणारा स्वतः यातून गेलेला असतो. काय बोलावं सुचत नसेल तर एवढंच विचारा : जवळची मीटिंग कधी आहे, आणि ती खुली की बंद? खुल्या मीटिंगला घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. बायकांची वेगळी मीटिंग आहे का, ऑनलाइन आहे का, हेही विचारता येतं. फोन करवत नसेल तर डॉक्टरांना किंवा व्यसनमुक्ती केंद्राला विचारा.

फॉर्म नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट.

(दृश्य : गोल भरलेला. एक जण बोलतोय, बाकीचे ऐकताहेत.)

इथे मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलणारा आपलंच सांगतो. पहिल्या दिवशी तुम्ही नुसतं ऐकलंत तरी कुणी खोदून विचारत नाही. निघताना कुणीतरी आपला नंबर देईल. तो घ्या. पिण्याची ओढ मीटिंगची वेळ बघून येत नाही.

पहिलाच गट जमेल असंही नाही. कुठे पुस्तकवाचन जास्त, कुठे अनुभवकथन. कुठे मंडळी आपल्या वयाची नसतात. दोन‑चार ठिकाणी बसून बघा, मग ठरवा. एएच्या दारूमुक्तीच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांतला देव अनेकांना खटकतो. त्या पायऱ्यांत ईश्वर ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे घ्यायला मोकळीक आहे, पण तेही नको असेल तर १९९४ पासून चालणारी स्मार्ट रिकव्हरी आहे. तिचा भर विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर आहे. फक्त स्त्रियांसाठी विमेन फॉर सोब्रायटी १९७५ पासून आहे. आम्हाला विचाराल तर खोली कुठली, यापेक्षा खोलीत जाणं महत्त्वाचं.

एएपुरतं बोलायचं तर २०२० चा कोक्रेन आढावा आहे, म्हणजे आधी झालेल्या अभ्यासांची एकत्र छाननी : २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं. एएकडे वळवणाऱ्या पद्धतशीर उपचारांनी पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण इतर मानसोपचारांपेक्षा जास्त दिसलं.

काही जण परत पितात. त्यातले काही परत येतात.

एक गोष्ट आम्हाला चित्रित करता आली नाही, पण सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर. मीटिंग हा त्याला पर्याय नाही.

(दृश्य : शेजारची खोली. दुसरा गोल.)

ही माणसं पिणारी नाहीत, त्यांच्या घरी कुणीतरी पितं. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये अल‑अनॉन सुरू झालं, ते यांच्यासाठी. घरातला पिणारा मीटिंगला यायला तयार नसला, तरी यांनी यायला हरकत नाही.